रोजचे शंभर रुपये

बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाला ही गोष्ट शाळेत नाव घालायच्या आधीच तोंडपाठ असते. १८७५ साल. बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी गादीवरून उतरवलेलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या मागे राहिलेल्या महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि नाशिककडच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या दूरच्या घरातली तीन पोरं बडोद्याला आणली गेली. शेतकऱ्याची पोरं, अक्षराशी गाठ पडलेली नाही. इथे कशाला आलास, असं विचारल्यावर बाकीच्यांनी काहीबाही सांगितलं म्हणतात, बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, "राज्य करायला." तेच पुढे सयाजीराव महाराज.

मध्यंतरी आमच्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात एका वक्त्यांनी हीच गोष्ट रंगवून सांगितली. बघा, म्हणाले, मातीच्या घरात राहून जो राज्याचा विचार करतो तोच राजा होतो. गरिबी खिशात नसते, डोक्यात असते. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या दहावी-बारावीच्या पोरांनीही वाजवल्या; त्यांचे बक्षिसाचे लिफाफे अजून टेबलावरच होते.

मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त आवडतो. तो भाषणात कधी येत नाही. दत्तकविधान झाल्यावर त्या मुलासाठी एलियट नावाचा इंग्रज शिक्षक नेमला. मुळाक्षरांपासून सुरुवात. सर टी. माधवराव दिवाण होते, त्यांच्याकडून कारभाराचे धडे. १८८१ च्या डिसेंबरात सगळे अधिकार हातात येईपर्यंत सहा वर्षं त्या मुलाला शिकणं सोडून दुसरं काम नव्हतं. गुरं राखायची नव्हती, बापाचं कर्ज फेडायचं नव्हतं, संध्याकाळी चूल पेटेल की नाही ही चिंता नव्हती. डोकं तल्लख होतं यात वाद नाही, नाहीतर त्या सहा वर्षांचं सोनं झालं नसतं. पण राज्य त्याच्या उत्तरामुळे आलं नाही. जमनाबाईंना दत्तक हवा होता म्हणून आलं. कवळाण्याच्या पंचक्रोशीत त्या वर्षी आणखी किती पोरांच्या डोक्यात राज्य होतं, याची शिरगणती करायला कोणी गेलं नाही.

मी रावपुऱ्यात एका सीएच्या ऑफिसात खाती लिहिते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजत बसलं की माणसांच्या स्वभावाबद्दलची ठाम मतं हळूहळू गळून पडतात. आमचे एक अशील आहेत. टाइल्सची एजन्सी काढली, बुडाली. मग पॅकेजिंगचा धंदा, तोही बुडाला. मग कुठलीशी फ्रँचायझी. दर वेळी वडिलांचं गोडाऊन गहाण पडलं, दर वेळी सोडवून घेतलं. चौथ्या धंद्याने हात दिला आणि आता त्यांचीही भाषणं होतात. पडलो पण उठलो, असा विषय असतो. उठले हे खरंच आहे. पडताना खाली गादी होती, एवढं फक्त आमच्या फायलीत आहे.

गरीब माणूस पैसा टिकवत नाही, त्याला उद्याचा विचार नसतो, हे वाक्य मी आमच्या नात्यागोत्यात इतक्या वेळा ऐकलंय की कोण म्हणालं हे विचारायचंही सोडून दिलंय. आणि ते बहुतेक वेळा मे महिन्यात ऐकू येतं, कारण मे महिन्यात आमच्याकडे वर्षाचे गहू भरतात.

ज्यांनी हा सोहळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गुजरातेतल्या भाल भागातले गहू पोत्यांनी येतात. गच्चीवर जुन्या चादरी अंथरायच्या, गहू निवडायचे, चाळायचे, एक ऊन द्यायचं. मग दिवेल, म्हणजे एरंडेल, किंचित कोमट करून तळहाताला घ्यायचं आणि एकेका परातीतल्या गव्हाला चोळायचं. दाण्यादाण्याला चकाकी आली पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. हे जमायला दोन-चार उन्हाळे जातात. मग कोठीत भरायचे. पुढच्या मेपर्यंत कीड लागत नाही आणि भाव वाढला तरी आपल्याला काय. पाठोपाठ तूरडाळ येते, दिवाळीनंतर सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, पंधरा किलोचा डबा. आजी म्हणायची, वर्षाचं भरलं की झोप लागते.

याच दिवसांत आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बेन कोपऱ्यावरच्या दुकानातून तेलाची छोटी पिशवी आणतात. किलोमागे त्यांना ते आमच्यापेक्षा महाग पडतं. डाळ पाव किलो आणतात, तीही महागच. रेशनचं धान्य मिळतं. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. पण तेल, डाळ, मसाला, साबण हे सगळं चिमूटभर घ्यायचं आणि चढ्या भावाने घ्यायचं. आम्ही एकरकमी घेऊन स्वस्तात खातो आणि त्याला काटकसर म्हणतो. ती काटकसर आहेच, मी आजीचा अपमान करणार नाही. पण ती करायला मे महिन्यात हातात गठ्ठ्याने पैसे लागतात. ते असले की दूरदृष्टी आपोआप येते. बेनना दिवेल चोळायची कला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली येते. दर वर्षी आमचे गहू त्याच चोळतात.

आता लारीची, म्हणजे हातगाडीची गोष्ट. तिच्यावरूनच हे सगळं लिहायला घेतलं.

ऑफिसच्या खाली कोपऱ्यावर सेव-उसळची लारी लागते. बडोद्याबाहेरच्यांना हा पदार्थ नीट समजत नाही. उसळ आमची, सेव गुजरातची आणि वरून जी लाल तरी ओततात ती कोणाच्याच बापाची नाही. लारीवाले भाऊ नंदुरबारकडचे. बडोद्यात खानदेशातली माणसं पुष्कळ. बोलीवरून लगेच ओळखू येतात, आणि आमच्या दांडियाबाजारी, म्हणजे शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतल्या, मराठीला ती मनातून हसतात हेही मला माहीत आहे. एकदा पावसाने गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा भाऊंच्या गल्ल्यात एक पिवळं कार्ड दिसलं. शंभर चौकोन छापलेले, त्यातल्या बऱ्याच चौकोनांत सही. 'डेली'चं कार्ड. दहा हजारांचं कर्ज. हातात साडेआठ मिळतात, पंधराशे आधीच कापून. मग रोज रात्री शंभर रुपये, शंभर दिवस.

सवयीने मी मनातल्या मनात हिशेब मांडला. वर्षाचा दर काढला तर १२० टक्क्यांच्या आसपास जातो. आमच्या अशिलांना बँकेने पाव टक्का वाढवला तर ते साहेबांना फोन करतात.

मी म्हटलं, "भाऊ, रोज शंभर भरताच आहात ना? एकदा कसंबसं हे संपवा आणि मग तेच शंभर डब्यात टाका. शंभर दिवसांनी दहा हजार तुमचेच. पंधराशे वाचले."

भाऊ हसले. असं हसले की हा सल्ला त्यांना यापूर्वीही मिळाला असणार. "ताई, डब्यातल्या पैशाला पाय असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे हा डेलीवाला रोज नऊ वाजता फटफटी वाजवत येतो. त्याला नाही म्हणता येत नाही. डब्याकडून मागायला कोण येतं? आणि भावकीतलं कोणी उसनं मागायला आलं, तर सांगता येतं, बाबा डेलीचं भरायचंय, हात बांधलेत. डब्यात पडलेत हे माहीत असल्यावर कोणत्या तोंडानं नाही म्हणू? माझी आई दवाखान्यात होती तेव्हा त्याच माणसानं दिले होते."

मी यावर बराच विचार केला. शिस्त नाही म्हणावं, तर हा माणूस पावसात, तापात, धंदा बसलेल्या दिवशीसुद्धा एक चौकोन चुकवत नाही. हिशेब कळत नाही म्हणावं, तर पंधराशे जातात हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. ते पंधराशे रुपये कर्जाचे नाहीत, कुलपाचे आहेत. स्वतःच्या पैशाला स्वतःपासून आणि आपल्या माणसांपासून वाचवायला त्यांनी एक कुलूप भाड्याने घेतलंय. मलाही कुलूप आहेच, फक्त ते मला फुकट मिळालंय. माझा पीएफ मी साठवलेला नाही. तो पगार हातात यायच्या आधी कापला जातो. तो दर महिन्याला माझ्या हातात देऊन 'आता टाक डब्यात' असं कोणी सांगितलं असतं, तर आज किती शिल्लक असते, हे माझ्या कपाटातल्या साड्यांना विचारावं.

आणि त्या उसन्यावाल्या भावकीबद्दल. लग्नात पाचशेचा चांदलो, म्हणजे आहेर, कशाला, बारशाला चांदीचे वाळे कशाला, कर्ज काढून जेवणावळी कशाला, हा गरिबांवरचा आणखी एक ठरलेला आक्षेप. जेवणावळींचं मी समर्थन करत नाही. काही जण खरोखर ईर्षेपायी बुडतात. पण हा सगळा वेव्हार एका अर्थी त्यांची विमा पॉलिसी आहे. दिलेलं कधीतरी दवाखान्याच्या दारात परत येतं. ज्याने वेव्हार तोडून पैसा टिकवला, त्याच्या दारात अडचणीच्या दिवशी कोणी येत नाही. आमच्याकडे मेडिक्लेमचं कार्ड आहे म्हणून आम्हाला चुलतभावाशी बोलणं बंद करणं परवडतं.

२०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आणली. तेव्हा तारणाशिवाय दहा हजार मिळायचे. वेळेवर फेडले की वीस, मग पन्नास. भाऊंनी दहा फेडले, वीस घेतले आणि त्यात वहिनींसाठी फॉल-पिकोचं जुनं मशीन घेतलं, मोटर बसवलेलं. त्यानंतरची दोनेक वर्षं मी जवळून पाहिली, कारण माझ्या साड्याही त्यांच्याकडेच जायला लागल्या. डेलीचं कार्ड गल्ल्यातून गेलं. वहिनींनी वही घातली: तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, साडीचा रंग, बाकी. मुलगी आठवीत होती, तिला गणिताची शिकवणी लावली. आणि बोलणं बदललं. आधी भाऊ 'आज' आणि 'उद्या' एवढंच बोलायचे. आता 'दिवाळीपर्यंत', 'मुलीची दहावी होईपर्यंत', 'दुसरी लारी टाकली तर' अशी वाक्यं यायला लागली. कुठल्याही व्याख्यानाला ते गेले नव्हते. फक्त दोन ठिकाणांहून पैसा यायला लागला होता. एका ठिकाणचा थांबला तरी चूल थांबणार नव्हती.

मग २०२४ चा ऑगस्ट. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली. बडोदेकरांना पूर नवा नाही, पण या खेपेला चांगल्या चांगल्या सोसायट्यांत गाड्या बुडाल्या, वीज गेली, रस्त्यावर मगरी फिरल्याचे व्हिडिओ देशभर गेले. मगरींचं सगळ्यांना कौतुक. भाऊंची खोली नदीच्या अंगाला. माणसं शाळेत हलवली, ती वाचली. मशीन खोलीतच राहिलं. पाणी ओसरल्यावर मोटरीतून चिखल निघाला. लोखंडाला गंज, लाकडी पाट फुगून फाटलेला. गिऱ्हाइकांच्या साड्या होत्या, त्यांची भरपाई मात्र वहिनींनी स्वतःहून दिली. चार-पाच जणींनी घेतली नाही, बाकीच्यांनी घेतली.

आमच्या गाडीचंही इंजिन गेलं होतं. विम्याचा माणूस आला, फोटो काढले, पैसे मिळाले. त्या पावसाळ्याची आठवण आता आम्ही पाहुण्यांना चवीने सांगतो.

नवरात्रात लारीवर गेले तर गल्ल्यात पिवळं कार्ड परत आलेलं. शिकवणी बंद. दुसऱ्या लारीचं काय झालं, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

बांगलादेशात याच प्रश्नावर फार चिकाटीचं काम झालंय. ब्रॅक नावाची तिथली मोठी संस्था. तिने २००७ मध्ये अगदी तळातल्या बायकांना गाय किंवा तसंच काही कमाईचं साधन फुकट दिलं आणि ते सांभाळायला शिकवलं. अभ्यासकांनी त्या घरांचा पिच्छा दहा वर्षांहून अधिक काळ सोडला नाही. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. साधन सगळ्यांना साधारण तेवढंच मिळालं होतं. पण ज्यांच्याकडे आधीपासून थोडंफार काही होतं, ती घरं या भरीमुळे एका ठरावीक रेषेच्या वर गेली आणि पुढे आपल्याआप वर चढत राहिली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ती रेषेच्या जरा खाली राहिली आणि हळूहळू पुन्हा होती तिथे घसरली. रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बायकांच्या गुणांत, अंगमेहनतीत असा काही फरक नव्हता की ज्याने एवढी दोन टोकं व्हावीत. फरक सुरुवातीच्या शिदोरीत होता. हे वाचलं तेव्हा मला वहिनींची वही आठवली. दोन वर्षं त्या रेषेच्या वर होत्या. एका नदीने त्यांना खाली आणलं.

दुसरा एक अभ्यास तामिळनाडूतला, ऊस उत्पादकांचा. ४६४ शेतकरी. ऊस तोडणीच्या आधी हातात पैसा नसतो, दागिने गहाण पडतात. तोडणीनंतर बिल मिळतं. अभ्यासकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी बुद्धीची साधी कोडी घातली. पैसा आल्यावर त्याच माणसांना ती जास्त जमली. हे २०१३ मध्ये छापून आलं. यात मला पटलेली गोष्ट एवढीच की माणूस बदललेला नाही. तेच डोकं, तेच शिक्षण, तेच संस्कार. फक्त एका खेपेला डोक्यात सावकार बसलेला होता, दुसऱ्या खेपेला उठून गेला होता. गरिबी डोक्यात असते म्हणणारे वक्ते तसे अगदीच चुकीचे नाहीत म्हणायचे. ती डोक्यात असते. पण खिशातून वर गेलेली असते.

सयाजीबाग भाऊंच्या वस्तीपासून लांब नाही. जुने लोक अजून कमाटीबागच म्हणतात. तिथे जो वड दाखवतात, त्याखाली दर २३ सप्टेंबरला माणसांची रीघ लागते. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर इथे नोकरीला आले होते. कोलंबिया विद्यापीठाचं शिक्षण, लंडनचा अभ्यास. जिद्दीबद्दल त्यांना कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. पगार होता, हुद्दा होता. राहायला खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी या बागेत काढले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. डोकं आणि खिसा या दोनच जागा धरून गरिबीवर वाद घालणाऱ्यांनी एकदा त्या झाडाखाली बसून यावं. दोन्ही असलेल्या माणसाला या शहराने परत पाठवलं होतं.

पण मला त्यांच्या चरित्रातला दुसराच धागा खुणावतो. त्यांची अभ्यासाची ओढ आली कुठून? वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत शिक्षक. त्या काळी पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरतीच बंद झाली, म्हणजे ते दारही मिटलं. पण मिटण्याआधी एका पिढीच्या घरात पुस्तकं येऊन पडली होती, पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा बाप तयार झाला होता. मग केळुसकर गुरुजींनी सयाजीरावांकडे शब्द टाकला, १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, आणि ते पुरं करायला १९२० मध्ये पुन्हा जाताना स्वतःच्या बचतीबरोबर शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पैसे लागले. एवढं अफाट डोकं, आणि तरी दर टप्प्याला बाहेरून कोणीतरी दार उघडावं लागलं. आपण त्याला मानसिकता म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बापाला किंवा आजोबाला मिळालेल्या संधीबद्दल बोलत असतो. ती मधल्या काळात इतकी मुरलेली असते की पाहणाऱ्याला जन्मजात वाटते.

हे आमच्या लोकांनी तरी मान्य करायला हवं. बडोद्याच्या मराठी घरांत 'आमच्यात शिक्षणाची आवड पहिल्यापासून' हे वाक्य देवघरातल्या समईसारखं तेवत असतं. माझे पणजोबा साताऱ्याकडून आले आणि खानगी खात्यात कारकून म्हणून लागले. राज्य मराठी माणसाचं; चार अक्षरं येणाऱ्या मराठी मुलाला कचेरीत जागा मिळायची, एकाने दुसऱ्याला बोलावून घ्यायचं. महिन्याच्या महिन्याला पगार आणि म्हातारपणी पेन्शन. ज्या घरात पहिल्या तारखेला पैसे येतात हे नक्की असतं, त्या घरात मुलाला मॅट्रिकपर्यंत थांबवता येतं. तीन पिढ्या थांबवल्यावर त्याची आवड होते. पणजोबांच्या जागी त्याच बुद्धीचा एखादा आदिवासी, तडवी किंवा वसावा, असता, तर त्याला कचेरीच्या पायरीवरूनच परत धाडलं असतं, आणि आज त्याच्या पणतवंडांना शिक्षणाची आवड नाही असं आम्ही म्हणत असतो.

सयाजीरावांना हे कळलं होतं असं मला वाटतं, बहुधा स्वतः बारा वर्षांपर्यंत निरक्षर राहिल्यामुळे. लोकांची मनोवृत्ती तयार होईपर्यंत ते थांबले नाहीत. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकांना दंड. तो दंड गरिबालाच जड जायचा, ज्याला पोराच्या हाताची शेतावर गरज होती त्यालाच. त्या कायद्याची ही बाजू मला आजही टोचते. पण शाळा गावात आली, फी गेली, पोरं बसली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. माझी आजी या सक्तीमुळे शाळेत गेली. तिच्या आईला ते पसंत नव्हतं, म्हणून आजी पाटीवर पदर घालून न्यायची. मनोवृत्ती वगैरे नंतर आली. म्हातारपणी आजी वर्तमानपत्र संपूर्ण वाचून झाल्याशिवाय चहाला हात लावत नसे.

असं सगळं असलं तरी माणसाच्या स्वभावाचा काही वाटाच नाही, असं मी म्हणणार नाही; कोणी म्हटलं तर मला त्याचाही राग येईल. भाऊंच्याच वस्तीत त्यांचा मेहुणा आहे. दोनदा कामाला लावला, दोनदा सोडून आला. आमच्या दारूबंदीच्या राज्यात त्याला संध्याकाळी जे मिळायचं ते बरोबर मिळतं. त्याच्या बायकोला 'परिस्थिती' हे उत्तर ऐकवायची माझी हिंमत नाही. पण असा मेहुणा आमच्या ओळखीच्या बंगल्यांतही आहे. त्याला वडिलांच्या फर्ममध्ये पार्टनर दाखवलाय, त्याचं रिटर्न मीच भरते. आळस सगळीकडे सारखाच वाटलेला आहे. त्याची किंमत मात्र सगळ्यांकडून सारखी वसूल होत नाही.

आमचे मामा या वादात नेहमी पलीकडच्या बाजूला असतात. मामा पंच्याहत्तरीचे. आयटीआय करून सत्तरच्या दशकात एका मोठ्या कारखान्यात लागले. ते बडोद्याचे भरभराटीचे दिवस. कोयलीची रिफायनरी, खतांचा फर्टिलायझर कारखाना, पेट्रोकेमिकलचा आयपीसीएल, एकामागून एक उभं राहत होतं आणि हात कमी पडत होते. सहा महिन्यांत मामा कायम झाले. क्वार्टर मिळालं, कॉलनीत शाळा, दवाखाना, कँटीनमध्ये जेवण. मामा म्हणतात, "आम्ही शून्यातून वर आलो." कष्ट केलेच त्यांनी, रात्रपाळ्यांनी झोपेचं कायमचं खोबरं झालंय. पण ते शून्य कसं होतं? गेटाबाहेर उभ्या माणसाला आत घेणारं शून्य होतं.

माझा भाचा तसल्याच एका गेटातून रोज आत जातो. डिप्लोमा आहे, मामांपेक्षा शिकलेला. पण त्याचं कार्ड वेगळ्या रंगाचं. तो कंत्राटदाराचा माणूस, कंत्राटदार दर वर्षी नवा. काम तेच, हेल्मेट तेच, पगार निम्म्याहून कमी. लग्नाचं म्हटलं की टाळतो. घराचं कर्ज काढावं म्हटलं तर कागद कसले दाखवणार?

गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी मामांनी त्याला समोर बसवलं. चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "तुमच्या पिढीचं चुकतं कुठे माहितीय? मोठा विचार नाही. आम्ही नोकरीला लागल्याबरोबर ठरवलं होतं, दहा वर्षांत प्लॉट, पंधरा वर्षांत घर. तुझा पुढच्या पाच वर्षांचा काय प्लॅन आहे, सांग बघू."

भाच्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "आजोबा, माझा प्लॅन मार्चपर्यंतचा आहे. मार्चला कंत्राट संपतं."

मामा माझ्याकडे वळले. "ऐकलंस ना? हीच ती मानसिकता."